माळीआजोबा गेले. त्यांची बाग आठवण म्हणून जपायची तर सुरुवात कुठून करावी?

पाणंद (धागाकर्ता)

गावाची सामायिक बाग जवळजवळ एकट्याने सांभाळणारे माळीआजोबा गेले. शेवटपर्यंत खुरपं हातात होतं. गावात असं अंगण क्वचितच सापडेल जिथे त्यांनी दिलेलं एखादं रोप नाही. त्यांच्या नावाने काहीतरी करावं असं सगळ्यांनाच वाटतंय. आतापर्यंत आलेल्या सूचना: बागेत बाक, फाटकावर पाटी, जुन्या आंब्याला पार, एखादं नवीन झाड.

बागेत काय आहे ते लिहितो. बियांपासून वाढलेला जुना रायवळ आंबा, पांढरा चाफा, देशी गुलाबाची आठ-दहा झुडपं, मोगरा, कागदी लिंबू, कुंपणावर भोपळा-घेवड्याचे वेल. खोपटात काचेच्या बाटल्यांमध्ये बिया, काहींवर चिठ्ठी आहे, काहींवर नाही. अवजारं. एक वही.

नवीन काही उभारण्याआधी हे सगळं टिकायला हवं असं माझं मत. जाणकारांनी क्रम सांगावा.

बियाणेपेटी

बाटल्या आधी. बाकी सगळं चार महिने थांबेल, बी थांबत नाही.

खुरपं

असहमत. आधी नकाशा, आणि त्याहून आधी एक नियम: पूर्ण वर्षभर बागेत कुठेही नव्याने खोदायचं नाही. निशिगंध, लिली, सोनटक्का, हळद, सुरण, भुईचाफा यांतली बरीच वर्षातले काही महिने जमिनीवर दिसतच नाहीत. मोकळी जागा म्हणून बाकाचे पाय रोवायला खड्डा घ्याल आणि कुदळीखाली कंद येतील. चारही ऋतू एकदा बघितल्याशिवाय कुठे काय झोपलंय ते कळत नाही.

नकाशाला महागडं काही लागत नाही. न हलणाऱ्या दोन खुणा निवडा, उदाहरणार्थ विहिरीचा कोपरा आणि खोपटाचा कोपरा. त्या दोघांतलं अंतर मोजा. मग प्रत्येक झाडाचं दोन्ही खुणांपासूनचं अंतर तीस मीटरच्या टेपने मोजून लिहा. कागदावर एक सेंटिमीटरला एक मीटर धरायचा आणि कंपासने दोन कंस काढायचे. ते छेदतात तिथे झाड. दोन खुणा झाडाशी जवळजवळ एका रेषेत आल्या तर छेद नीट मिळत नाही, तेव्हा तिसरी खूण घ्या. चौकटी आखून अंदाजाने काढलेले नकाशे दुसऱ्या वर्षी उपयोगाचे राहत नाहीत, कारण तोवर अर्धी झुडपं पसरलेली असतात.

दर महिन्याला त्याच नकाशाच्या प्रतीवर नवीन उगवलेलं वेगळ्या रंगाने भरा.

बियाणेपेटी

खुरपं यांचा नियम मान्य. पण नकाशा आणि बिया ही कामं दोन वेगळी माणसं एकाच दिवशी करू शकतात. बियांबद्दल सविस्तर लिहिते.

बाटल्या उघडण्याआधी प्रत्येकीचा चिठ्ठीसकट फोटो. चिठ्ठी गळून पडली असेल तर ती त्याच बाटलीखाली ठेवा, नुसता अंदाज बांधून चिकटवू नका. उघडल्यावर आधी वास घ्या, कुबट आला तर दमट झालेलं आहे. बारीक भुकटी आणि भोकं दिसली तर भुंगा. असं घेवडा-चवळीचं बी पूर्ण सुकलेलं असेल तर घट्ट डब्यात बंद करून फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवतात, अंडी-अळ्या मरतात. ओलसर बी मात्र गोठवलं तर ते स्वतःच मरतं. आणि डबा बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायचा नाही. नाहीतर हवेतलं बाष्प थंड बियांवर धरतं.

वय महत्त्वाचं. साधारण साठवणीत कांद्याचं बी एक-दोन वर्षांत जातं. मिरची दोन-तीन वर्षं, घेवडा-चवळी तीन-चार, टोमॅटो, वांगी आणि भोपळावर्ग चार-पाच किंवा थोडं जास्तही. म्हणून ज्या बाटलीत कांदा असेल ती या हंगामातच पेरा, भोपळा पुढच्या वर्षी चालेल.

उगवण तपासायला ओल्या फडक्यात वीस बिया गुंडाळून सात ते दहा दिवस ठेवणे ही नेहमीची रीत. पण बाटलीत एकूण दहा-पंधराच दाणे असतील तर चाचणीत एकही वाया घालवू नका. त्यातले निम्मे सरळ चांगल्या मातीत, ट्रेमध्ये पेरा, निम्मे ठेवा. कधीही सगळं एकदम पेरायचं नाही. एका रात्रीत गोगलगायी ट्रे साफ करतात.

गडद गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचं बी दिसलं तर ते बाजारचं, बुरशीनाशक लावलेलं आहे. हातमोजे घाला, खायच्या धान्यात मिसळू देऊ नका. आजोबांचं स्वतःचं राखलेलं बी रंगवलेलं नसणार, त्यामुळे हे वेगळं काढणं सोपं जाईल.

निंबोणी

खोपट आवरताना बियांसोबत जुन्या औषधांच्या बाटल्याही निघतात. लेबल नसलेली कुठलीही बाटली हुंगून ओळखायची नाही. मोरीत, विहिरीत, ओढ्यात ओतायची तर अजिबात नाही. बूच घट्ट करून, उभी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा आणि कृषी विभागाला विचारून विल्हेवाट लावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध सगळ्यात धोक्याचं.

भोपळ्याचावेल

@बियाणेपेटी, भोपळ्याबद्दल एक भर. कुंपणावर वेल आहेत म्हणजे शेजारच्या परड्यातले भोपळेही मधमाश्यांच्या आवाक्यात आहेत. नुसतं फळ धरून बी घेतलं तर पुढच्या पिढीत भलतंच निघेल. हाताने परागण करा: संध्याकाळी, उद्या उमलणारी दोन-तीन नरफुलं आणि एक मादीफूल (देठाशी छोटं फळ असतं ते) दोऱ्याने किंवा कपड्याच्या चिमट्याने बंद करा. सकाळी लवकर नरफुलाच्या पाकळ्या काढून पुंकेसर मादीफुलात हलक्या हाताने फिरवा, मादीफूल पुन्हा बंद करा, देठाला रंगीत दोरा बांधा. ऊन चढलं की पराग निकामी होतो. नरफुलं शक्य तर त्याच जातीच्या दुसऱ्या वेलावरची घ्या.

घेवड्याला एवढी खटपट नाही, तो बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतो. दोन जातींत थोडं अंतर ठेवलं तरी पुरतं.

हिरवाकंदील

आणि बी धरायचं ते पहिल्या, सगळ्यात चांगल्या शेंगांचं. उरलंसुरलं वेलावर वाळलं म्हणून तेच ठेवलं, असं चार-पाच वर्षं केलं की जात हळूहळू उशिरा येणारी आणि दुबळी होते. माळी लोक वेलाला चिंधी बांधून ठेवायचे ते यासाठीच. बागेत अशा चिंध्या दिसल्या तर सोडू नका!

कलमवाला

आंब्याकडे कोणीच वळलं नाही अजून.

रायवळ आंबा म्हणजे बियांचं झाड, तसं दुसरं जगात नाही. बहुतेक रायवळांच्या कोयीतून एकच रोप येतं आणि ते संकरित असतं, त्यामुळे कोय लावून आजोबांचा आंबा मिळणार नाही, त्याचं पिल्लू मिळेल. तोच आंबा हवा तर कलमच. (एका कोयीतून दोन-तीन कोंब आले तर झाड बहुभ्रूणी आहे, मग त्यातली बहुतेक रोपं आईसारखी निघतात. चार-पाच कोयी रुजवून बघायला हरकत नाही.)

म्हाताऱ्या झाडाची अडचण अशी की कलमाला लागणाऱ्या जोमदार काड्या त्यावर नसतात. म्हणून आधी झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंच्या, बोटाएवढ्या जाडीच्या आठ-दहा फांद्यांचे शेंडे छाटा. मोठ्या फांद्या तोडू नका. येणारी पालवी तीन-चार महिन्यांत पक्व होते. काडी पेन्सिलीएवढी जाड, दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब, टोकाचा डोळा फुगलेला पण न उघडलेला. काढण्याच्या आठ-दहा दिवस आधी पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे डोळा फुगतो. सकाळी काढा, ओल्या फडक्यात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळा, सावलीत ठेवा, दोन-तीन दिवसांत बांधा.

कोय कलमासाठी खुंट (काडी ज्यावर बांधायची ते कोयीतून उगवलेलं रोप) दहा-पंधरा दिवसांचा, पानं अजून तांबूस असताना. खुंट कोयीच्या वर पाच-सहा सेंटिमीटरवर आडवा कापा, मधोमध तीन ते चार सेंटिमीटर चीर द्या. काडीच्या बुडाला तेवढीच पाचर दोन्ही बाजूंनी, शक्यतो एकेका सपकाऱ्यात. पाचर बसवून प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा. वर अरुंद प्लास्टिकची पिशवी टोपीसारखी घाला, फुटवा दिसला की काढा. साधारण दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटतो.

कुठे फसतं: पाचरीवर दोन-तीनदा सुरी फिरवली की पृष्ठभाग लाटेसारखा होतो आणि आत हवा राहते. काडी आणि खुंट जाडीने जुळत नसतील तर निदान एका बाजूची साल सालीला लागलीच पाहिजे. जोडाखालून फुटवे आले आणि काढले नाहीत तर खुंटच वाढतो, काडी सुकते. ऊन थेट लागलं तर संपलंच. दहा कलमं हवी असतील तर पंचवीस बांधा.

कोयी फळांच्या हंगामातच मिळतात आणि काही आठवड्यांत निर्जीव होतात, म्हणून शेंडे छाटायचं काम त्याआधी तीन-चार महिने. ती वेळ टळली असेल तर पिशवीतल्या वर्षभराच्या रोपावर मृदुकाष्ठ कलम करा, रीत तीच, फक्त जोड कोवळ्या, नुकत्या आलेल्या वाढीवर.

पाणंद (धागाकर्ता)

@कलमवाला, आंब्याच्या एका मोठ्या फांदीची पानं विरळ झाली आहेत. थांबावं का?

कलमवाला

अजिबात थांबू नका. शेंडे छाटणी आधी, फांदीला काय झालंय ते मग बघू. निरोगी बाजूच्या फांद्या घ्या.

गुटी

चाफा, मोगरा, लिंबू यांचं सोपं आहे.

चाफा: फूट-दीड फुटाची फांदी, पानं काढून, चीक वाहू द्यायचा. मग सावलीत आठ-दहा दिवस उभी ठेवायची, काप कोरडा पडेपर्यंत. नंतर रेताड मातीत. मुळं येईपर्यंत पाणी अगदी बेताचं. ताजा काप ओल्या मातीत खोचला की बूड काळं, मऊ पडतं. चाफा मरण्याचं बहुतेक वेळा हेच कारण.

मोगरा: दाब कलम. जमिनीलगतची फांदी, एका पेराखाली तिरका हलका काप, तेवढा भाग दोन-तीन बोटं मातीखाली दाबून वर दगड. दगडाने ओलही टिकते. दीड-दोन महिन्यांनी आईपासून तोडा.

लिंबू: कागदी लिंबाच्या एका बीतून बरेचदा दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बहुतेक मूळ झाडासारखी. बी ताजंच पेरा, वाळवू नका. फळ लवकर हवं तर गुटी: बोटाएवढ्या फांदीवर दोन ते अडीच सेंटिमीटर रुंद साल गोल काढा, खालचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडा, भिजवून पिळलेलं शेवाळ (मॉस) मूठभर लावा, प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं घट्ट. थर खरवडला नाही तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. वरचं टोक सैल राहिलं तर पावसाचं पाणी शिरून कुजतं. मुळं पांढरी-तपकिरी दिसली की एकदम तोडू नका. आधी अर्धा काप, आठवड्याने पूर्ण.

अबोली

गुलाबांबद्दल काळजी वाटते म्हणून लिहिते. झुडपं देशी आहेत असं म्हटलंय, पण ती स्वतःच्या मुळांवर आहेत की डोळा भरलेली (जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा बसवून वाढवलेली), हे आधी बघा. बुंध्याशी गाठ किंवा फुगवटा असेल तर डोळा भरलेला आहे. मग गाठीच्या खालून आलेल्या फांदीची काडी लावली तर खुंटाचा जंगली गुलाब मिळेल आणि तो आजोबांचा म्हणून गावभर वाटला जाईल. म्हणून काडी फक्त नुकतीच फूल येऊन गेलेल्या फांदीची घ्यायची. फूल हाच पुरावा.

पेन्सिलीएवढी, पंधरा ते वीस सेंटिमीटर, चार-पाच डोळे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा डोळ्याच्या वर सरळ. असं केल्याने उलटी खोचली जात नाही. दोन-तीन डोळे मातीत. पानांवर पिवळे नागमोडी पट्टे असलेल्या झुडपाची काडी घेऊ नका, तो विषाणू असतो आणि प्रत्येक काडीबरोबर जातो. एका झुडपावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटने पुसा.

गंजलेलाविळा

गुलाबाची छाटणी म्हटलं की दहा जण दहा मतं देतात आणि गुलाब अकराव्याचं ऐकतो :)

अवजारांचं मी सांगतो. काचेच्या कपाटात लटकवू नका, वापरा. पाती रात्रभर व्हिनेगरमध्ये, सकाळी तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, पूर्ण कोरडी करून तेलाचा हात. लाकडी मुठीला जवसाचं तेल दोन-तीन वेळा, मधे एकेक दिवस जाऊ देऊन. तेलाची फडकी बोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. छाटणीच्या कात्रीचं पातं फक्त उताराच्या बाजूने धार लावायचं, सपाट बाजूला कानस लागली की दोन पात्यांत फट पडते आणि फांदी कापली न जाता चेंगरते.

एक गोष्ट मात्र जपा. वर्षानुवर्षं वापरलेलं खुरपं एका बाजूने झिजलेलं असतं. ती झीज सरळ करायला जाऊ नका. त्या माणसाचा हात कसा फिरायचा ते तिथे उमटलेलं असतं.

बियाणेपेटी

+१. शेवटच्या परिच्छेदासाठी.

जुनीविहीर

सगळं उत्तम चाललंय, पण बाकाची सूचना इतकी हलक्यात घेऊ नये. बागेत म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा नसेल तर तिथे येणार कोण? कोणी आलंच नाही तर ही कलमं कोण सांभाळणार? आणि आंब्याला पार बांधला तर दोन्ही कामं होतील.

निंबोणी

बाक हवाच, पार नको. आंब्याची अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत जातात. पार बांधायला खणलं की ती तुटतात, भराव टाकला की गुदमरतात, आणि बुंध्याला माती टेकली की साल कुजते. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांत शेंड्यांकडून वाळत येतं, त्यामुळे पाराचा संबंध कोणाच्या लक्षातही येत नाही. फांदी आधीच विरळ झालेल्या झाडाला तर नकोच.

बाक न पुरता ठेवता येणारा घ्या, चार सपाट दगडांवर. विरळ फांदीच्या खाली नाही.

पाटीला झाडात खिळा ठोकू नका, तार तर नाहीच. तार काही वर्षांत सालीत रुतते आणि झाड गळा आवळल्यासारखं होतं. वेगळा खांब करा.

जुनीविहीर

पाराचं पटलं. बाकाचा आग्रह कायम.

हिरवाकंदील

नवीन झाडाची सूचनाही वर होती, त्यात रक्षा मिसळायचं कोणाच्या मनात असेल तर जपून. रक्षेत क्षार भरपूर आणि ती तीव्र अल्कधर्मी असते. रोपाच्या मुळाशी ओंजळभर टाकली तर मुळं करपतात. चिमूटभर, भरपूर माती-कंपोस्टमध्ये मिसळून, मोठ्या झाडाच्या घेरात दूरवर पसरावी.

रोप लावताना खोली जास्त होऊ देऊ नका, मूळ आणि खोड मिळतं ती रेषा जमिनीच्या पातळीला. आच्छादन दोन-तीन इंच, खोडापासून वीतभर लांब.

पाणंद (धागाकर्ता)

वही उघडली. पुष्कळ नोंदी एका-दोन अक्षरांत आहेत. "मो. उ. ३", "भो. ल.पि." असं. कोणाला काय दिलं त्याच्याही ओळी आहेत, नावं आणि रोपं.

खुरपं

ती शेवटची यादी सगळ्यात मोलाची!! बागेतलं एखादं झाड गेलं असेल तरी ते कोणाच्या तरी परसात असेल. यादी घेऊन घरोघर जा, रोप जिवंत आहे का बघा, नकाशाला जोडा.

वहीचे फोटो दिवसाच्या उजेडात, प्रत्येक पान, कोरी पानंसुद्धा, क्रमाने. लॅमिनेट करू नका, उष्णतेने शाई बिघडू शकते आणि पुन्हा सुटं करता येत नाही. पानांत दाबलेली पानं-फुलं असतील तर ती तिथेच राहू द्या, फक्त पान क्रमांक लिहा. अक्षरांचा अर्थ नकाशावरून लागेल: "उ. ३" हा उत्तरेकडचा तिसरा वाफा असू शकतो. तिथे आज मोगरा आहे का?

पाणंद (धागाकर्ता)

आहे. उत्तरेच्या भिंतीकडून तिसरा.

अबोली

वाचून फार बरं वाटलं.

भोपळ्याचावेल

"ल.पि." म्हणजे लवकर पिकणारा असावा. त्या बाटलीतलं बी वेगळं ठेवा, इतर भोपळ्यात मिसळू नका.

पाणंद (धागाकर्ता)

ठरलं ते असं. या आठवड्यात आंब्याचे शेंडे आणि बियांची वर्गवारी, नकाशा सोबतच. पावसाळ्यात गुटी, दाब, काड्या. वर्षभर खोदाई बंद. बाक दगडांवर. तयार झालेली रोपं वाटायची आहेत, त्यावर चिठ्ठी काय आणि कशाने लिहावी?

बियाणेपेटी

मऊ पेन्सिलीने. मार्करची शाई उन्हात एका हंगामात उडते, पेन्सिल प्लास्टिकच्या पट्टीवर कित्येक वर्षं राहते. कायमसाठी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी घ्या आणि बोथट खिळ्याने अक्षरं दाबून कोरा. पट्टी खोडाला नाही, कुंडीत किंवा जमिनीत खोचायची.

चार गोष्टी लिहा: काय आहे, नकाशावरचा मूळ झाडाचा क्रमांक, कलम-काडी-बी यांपैकी काय, आणि तारीख. पाचवी मागच्या बाजूला: आजोबांचं नाव. आणि कोणतंही रोप निदान तीन घरांत गेल्याशिवाय त्याच्यापुढे नकाशावर खूण करू नका.

कलमवाला

आंबा पाच घरांत. त्याला जागा लागते, सगळे जगत नाहीत.